मुंबईतील निसर्गभ्रमण

मुंबईतील निसर्गभ्रमण : मुंबई व तिला लागून असलेल्या ठाणे-वसई परिसरात प्रवाशाला साधारण एका दिवसात करता येणारी रानातील पायी भटकंती, लेणीदर्शन, किनाराफेरी, पक्षिनिरीक्षण, प्रस्तरारोहण इत्यादी. उष्ण कटिबंधातील या गजबजलेल्या बंदराच्या परिसरात सु. १०४ चौ. किमी. क्षेत्राचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असून त्यात बिबट्यांचा मुक्त वावर आहे. महानगराच्या आत एवढे जंगल टिकून राहिल्याचे उदाहरण जगात विरळा.

भूरचना व ऋतू : मुंबईचा पाया दख्खनच्या बेसाल्टचा. अंधेरीतील गिलबर्ट टेकडी हा सु. ६० मी. उंचीचा उभ्या स्तंभांचा काळा कातळ त्याचा उत्तम नमुना होय. त्याच्या माथ्यावर गावदेवीचे मंदिर असून तेथवर पायऱ्यांनी जाता येते. उत्तरेकडे साष्टीच्या टेकड्यांत जांभूळमाळ (सु. ४६८ मी.) हे सर्वांत उंच ठिकाण आहे. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. चालण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा, मात्र ओढे, शेवाळ आणि हिरवाई पाहायची तर पावसाळ्याला पर्याय नाही.

राष्ट्रीय उद्यानाचे हे जंगल वाचले ते मुख्यतः पाण्यामुळे. शहराच्या नळपाण्यासाठी १८६० मध्ये विहार व १८७९ मध्ये तुळशी हे तलाव बांधून झाले. पाणी स्वच्छ राहावे म्हणून त्यांच्या पाणलोटात वस्तीला मज्जाव राहिला. पुढे याच भूभागाभोवती राखीव वन वाढत गेले. ते आधी कृष्णगिरी उपवन, मग बोरिवली राष्ट्रीय उद्यान आणि अखेर सध्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. तुळशीच्या सांडव्यातून दहिसर नदी निघते, तर विहार व पवई तलावांच्या सांडव्यांतून मिठी नदी.

कान्हेरी : उद्यानाच्या बोरिवली प्रवेशद्वारापासून सु. ६ किमी. वर असलेली बौद्ध लेणी. भटक्यांसाठी मुंबईत यापेक्षा महत्त्वाची जागा नाही. इ.स.पू. पहिल्या शतकापासून पुढे सु. एक हजार वर्षे येथे खोदकाम आणि वास्तव्य चालू होते. लहानमोठी मिळून शंभराहून अधिक लेणी एकाच डोंगरावर आहेत. शिलालेखांत डोंगराचे नाव कण्हगिरी असे येते. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात चैत्यगृह असून त्यातील लेख सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातील आहे. ओसरीच्या दोन्ही टोकांना सु. ७ मी. उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती आहेत. ४१ क्रमांकाच्या लेण्यातील एकादशमुखी अवलोकितेश्वर हा भारतातील दुर्मीळ शिल्पप्रकार आहे.

बहुतेक प्रवासी चैत्यगृह पाहून परततात, पण कान्हेरीचे खरे कौतुक डोंगराच्या अंगावर आहे. जवळपास प्रत्येक विहाराच्या दाराशी कातळात खोदलेली पाण्याची पोढी असते. तिच्या वर, उतारावर, बोटभर खोल पन्हळी कोरून पावसाचे पाणी नेमके तिच्या तोंडाशी आणलेले दिसते. येथे राहणाऱ्या भिक्षूंना उरलेले आठ महिने पुरेल एवढे पाणी चार महिन्यांत साठवावे लागे. पोढी, ओटा किंवा लेणे दान दिल्याचे लेख दारांशेजारी कोरलेले आहेत. दाते कल्याण, सोपारा, चेऊल अशा व्यापारी गावांचे. एका लेण्यातून दुसऱ्याकडे नेणाऱ्या पायऱ्याही त्याच कातळात खोदल्या असून त्यांवरून आजचा प्रवासी चालतो. दमदार सर येऊन गेल्यावर अर्ध्या तासाच्या आत तेथे उभे राहावे. पन्हळी वाहताना दिसतात आणि ही व्यवस्था कशी चाले ते कोणी न सांगता कळते.

९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत. इ.स. १००९ व १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे आणि दिनांक नोंदवून ठेवले. मुंबईतील भटकंतीच्या इतिहासात हा पुरावा मोलाचा मानावा लागतो. ही माणसे भिक्षू नव्हती किंवा दातेही नव्हती, ती लेणी पाहायला आली होती. १५३९ च्या सुमारास पोर्तुगीज दर्यावर्दी दों जुआंव द कास्त्रो यानेही या लेण्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे.

रानवाटा : उद्यानातील शिलोंढा ही ओढ्याकाठची वाट प्रसिद्ध आहे. ठाण्याच्या बाजूने येऊर आणि वसई खाडीपलीकडे नागला येथूनही जंगलात जाता येते. अशा वाटांवर वनखात्याची पूर्वपरवानगी व जाणकार वाटाड्या आवश्यक. ऐन, कुंभा, पळस, पांगारा, काटेसावर ही ठळक झाडे. पक्ष्यांच्या अडीचशेहून अधिक जातींची नोंद आहे. मे अखेरीस व जूनमध्ये नवरंगाची शीळ ऐकू येते. कारवीला येथे दर आठ वर्षांनी एकदाच बहर येतो. तो २००८, २०१६ व २०२४ मध्ये आला होता. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे गोरेगाव येथील निसर्गशिक्षण केंद्र नवख्यांना रान ओळखायला शिकवते.

बिबट्या : २०१८ च्या अभ्यासात उद्यान व परिसरात ४७ बिबटे आढळले. जंगलातील पाड्यांवर वारली, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबे राहतात. वारली लोक वाघोबाला देव मानतात. पाड्यांच्या पुनर्वसनाविषयी तसेच शेजारच्या आरे येथील बांधकामांविषयी दीर्घकाळ मतभेद आहेत.

किनाराफेरी : मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक ४ मी. हून अधिक असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. उधाणाच्या ओहोटीत जुहू, कार्टर रोड, हाजी अली, गिरगाव येथील खडक उघडे पडतात. त्यांतील डबक्यांत समुद्रफुले, खेकडे, शंखाचे जीव, क्वचित छोटा ऑक्टोपसही सापडतो. सांडपाण्याने गढूळलेल्या या शहरी किनाऱ्यावर प्रवाळही जगतात, हे अनेक मुंबईकरांना ठाऊक नसते. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून माहितीपूर्ण फेऱ्या घडवतो. दगड उलटल्यास तो पूर्ववत ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात तासाभरातही मरू शकतात.

खाडी व पक्षी : ठाणे खाडी रोहित पक्षी अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले व २०२२ मध्ये रामसर स्थळ ठरले. हिवाळ्यापासून मेपर्यंत मोठे व छोटे रोहित हजारोंच्या संख्येने येथे असतात. ऐरोली येथील केंद्रातून भरतीची वेळ साधून बोटी सुटतात. पाणी चढू लागले की पक्षी चिखलातून काठाकडे सरकतात, म्हणून तीच वेळ पाहण्याची. कांदळवनाच्या कडेला निवट्या मासा चिखलावर उड्या मारताना दिसतो. शिवडीचा चिखलपट्टाही प्रसिद्ध आहे. २०२४ मध्ये खुल्या झालेल्या सागरी सेतूचा तेथील पक्ष्यांवर काय परिणाम झाला याविषयी एकमत नाही. धारावीजवळचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान जुन्या कचराभूमीवर उभे केलेले आहे.

गड व बेटे : शीव, शिवडी, वरळी, माहीम, वांद्रे व मढ येथे किल्ले आहेत; वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकला. घारापुरीची लेणी (जागतिक वारसा, १९८७) गेटवे ऑफ इंडियाहून बोटीने सु. एक तासावर.

प्रस्तरारोहण : १९५४ पासून कार्यरत असलेल्या गिरिविहार संस्थेने शहरात या खेळाची परंपरा रुजवली. सराव प्रामुख्याने मुंब्रा व बेलापूर परिसरात. नवी मुंबईत २०१६ मध्ये बोल्डरिंगची विश्वचषक फेरी झाली.

सायकल : उद्यानाच्या प्रवेशद्वारावर भाड्याने मिळते.

नियम व काळजी : रानात एकट्याने किंवा अंधार पडल्यावर फिरू नये. लहान मुलांना पुढे धावू देऊ नये. पावसाळ्यात ओढे मिनिटांत चढतात, तेव्हा पाणी उतरेपर्यंत अलीकडेच थांबावे. अक्सा किनारा बुडण्याच्या दुर्घटनांसाठी कुप्रसिद्ध आहे, तेथे समुद्रात उतरू नये. विहार व तुळशी तलावांवर परवानगीशिवाय जाता येत नाही. लेण्यांच्या भिंतींवर काहीही लिहू वा कोरू नये, आणि पाड्यांतील घरांची व माणसांची छायाचित्रे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. घराबाहेर पडण्यापूर्वी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे. राष्ट्रीय उद्यान आणि घारापुरी ही दोन्ही ठिकाणे सोमवारी बंद असतात.