बेळगाव लोकसभा निवडणूक, १९९६

अकराव्या लोकसभेसाठी बेळगाव मतदारसंघात झालेली, ४५६ उमेदवारांमुळे देशभर गाजलेली निवडणूक. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाकडे दिल्लीचे लक्ष वेधावे म्हणून, मराठी सीमाभाग महाराष्ट्रात यावा यासाठी झटणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या हाकेला ओ देऊन मराठी भाषकांनी मोठ्या संख्येने अर्ज भरले. जनता दलाचे शिवानंद कौजलगी विजयी झाले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला. या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये निपाणी व खानापूर महाराष्ट्राला द्यावे, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच राहावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. निपाणीही आहे तिथेच राहिली. तेव्हापासून सीमाभागात मत देणे म्हणजे आपण कुठल्या राज्यात राहू इच्छितो हे सांगणे, असाच अर्थ होत आला.

विधानसभेत हा कौल उमटत असे. समितीचे आमदार वेळोवेळी निवडून आले. लोकसभेचे गणित वेगळे होते. मराठी मते बेळगाव शहर व भोवतालच्या खेड्यांत एकवटलेली, तर गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगल हा भाग कन्नडबहुल. निपाणी तर चिकोडी मतदारसंघात. त्यामुळे बेळगावातून समितीचा खासदार कधीच झाला नाही. मतपेटीतून जे दिल्लीपर्यंत पोचत नव्हते, ते उमेदवारी अर्जांनी पोचवले.

प्रत्येक उमेदवाराचे नाव आणि चिन्ह मतपत्रिकेवर छापणे बंधनकारक होते. हातात शिक्का घेतलेल्या मतदाराला ४५६ नावांतून आपले नाव शोधायचे होते. अनामत ५०० रुपये होती, अनुसूचित जाती-जमातींसाठी २५०. ती वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते लागतात. म्हणजे पाचांहून अधिक जणांची अनामत वाचणे शक्यच नव्हते. किमान ४५१ अनामती जाणार हे अर्ज भरतानाच ठरलेले होते. तो पैसा म्हणजे आपल्या म्हणण्याची नोंद व्हावी यासाठी मोजलेली किंमत होती.

त्याच वर्षी तेव्हाच्या आंध्रातील नलगोंड्यात पाण्याच्या प्रश्नावर ४८०, तर तमिळनाडूतील मोडाकुरिची विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे होते. यानंतर लोकप्रतिनिधित्व कायदा बदलला. लोकसभेची अनामत १०,००० रुपये (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५,०००) झाली आणि अपक्षाला दहा सूचक आवश्यक झाले. देशातील लोकसभा उमेदवारांची संख्या १९९६ मधील १३,९५२ वरून १९९८ मध्ये ४,७५० वर आली.

संख्येचा बंदोबस्त एका दुरुस्तीने काही महिन्यांत झाला. ज्या प्रश्नासाठी ती नावे छापली गेली, तो महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. बेळगावच्या निकालपत्रात विजयी उमेदवाराखालची लांबलचक यादी ही सीमाभागाच्या मागणीची नोंद आहे आणि ती तशीच वाचली पाहिजे.