डिजिटल नोट्स कशा घ्यायच्या? नवशिक्यांसाठी सुरुवात

घरमालकाचा खाते क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेला, औषधाच्या चिठ्ठीचा फोटो गॅलरीत, गाडीच्या सर्व्हिसिंगची तारीख कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने. बहुतेकांच्या नोंदी अशाच विखुरलेल्या असतात. लिहून ठेवलेलं असतं, पण हवं तेव्हा सापडत नाही. नोट्स अ‍ॅप वापरायचं ते यासाठीच.

नोट्स अ‍ॅप म्हणजे फोनमधली वही. कागदाच्या वहीपेक्षा तिच्यात दोन गोष्टी जास्त आहेत: एक शब्द टाकला की नोंद सापडते, आणि फोनवर लिहिलेलं कॉम्प्युटरवरही दिसतं. या दुसऱ्या सोयीला सिंक म्हणतात. ती चालू आहे का, हे बरेच जण कधी तपासतच नाहीत.

माझ्या मावशीने १२ जणींच्या भिशीचा हिशोब फोनसोबत आलेल्या नोट्स अ‍ॅपमध्ये ठेवला होता. फोन पाण्यात पडला आणि पुन्हा सुरू झालाच नाही. नोट्स फक्त त्या फोनमध्येच होत्या, कारण सिंक कधी चालूच केलं नव्हतं. मग एकेकीला फोन करून, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट मागवून हिशोब जुळवला. दोघींनी रोख दिले होते, त्यांच्याशी जरा ताणलंच गेलं. त्यामुळे कोणतंही अ‍ॅप घ्या, पहिल्याच दिवशी ही चाचणी करा: फोनवर एक नोट लिहा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याच खात्याने लॉगिन करून ती दिसते का पाहा. दिसली तरच पुढे लिहायला घ्या. परका कॉम्प्युटर असेल तर लॉगआउट करायला विसरू नका.

कोणतं अ‍ॅप घ्यावं?

अँड्रॉइड फोन असेल तर गूगल कीपपासून सुरुवात करा. ते २०१३ मध्ये आलं, मोफत आहे आणि जीमेलच्याच खात्यावर चालतं. छोट्या नोंदी, किराणा मालाची टिकमार्कवाली यादी, फोटो, बोलून केलेली नोंद एवढं त्यात आरामात होतं. यादी घरातल्या दुसऱ्या माणसासोबत शेअरही करता येते. दुकानात गेलेल्याने साखरेवर टिक केली की घरी बसलेल्याला ती दिसते. आयफोनवाल्यांना अ‍ॅपलचं नोट्स अ‍ॅप पुरेसं आहे, फक्त सेटिंगमध्ये आयक्लाउड चालू आहे ना, ते बघा.

विद्यार्थ्यांना आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना मात्र कीप लवकरच अपुरं पडतं. त्यांनी मायक्रोसॉफ्टचं वननोट घ्यावं. त्याची रचना वही, विभाग आणि पान अशी आहे. ‘राज्यशास्त्र’ ही वही, ‘पंचायत राज’ हा विभाग आणि त्यात ‘७३वी घटनादुरुस्ती’ हे पान. मायक्रोसॉफ्टच्या मोफत खात्यात ५ जीबी जागा मिळते. नुसत्या मजकुराला ती भरपूर आहे, पण पानोपानी फोटो टाकले तर भरते.

आपल्या नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर नकोत असं वाटणाऱ्यांसाठी ऑब्सिडियन आणि जॉप्लिन आहेत. ऑब्सिडियनमध्ये प्रत्येक नोट तुमच्याच फोल्डरमध्ये साध्या मजकुराची फाइल म्हणून राहते. नोशनबद्दल यूट्यूबवर खूप ऐकायला मिळतं. ते ताकदवान आहे, पण नवा माणूस नोट्स घेण्यापेक्षा पान सजवण्यातच रविवार घालवतो, असं माझं मत. जुनंजाणतं एव्हरनोटही आहे. मात्र डिसेंबर २०२३ पासून त्याच्या मोफत योजनेत फक्त ५० नोट्स आणि १ नोटबुक मिळू लागलं. ‘मोफत’ची व्याख्या उद्या बदलू शकते, हे लक्षात ठेवून अ‍ॅप निवडा.

मराठीत लिहिताना

मराठी टायपिंग जड जात असेल तर जीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडा आणि माइकचं बटण दाबून बोला. नंतर आकडे आणि नावं तेवढी तपासा.

खरी अडचण शोधताना येते. नोट ‘गॅस’ अशी देवनागरीत लिहिली आणि महिन्याने रोमन लिपीत शोधली, तर ती सापडेलच असं नाही. ‘विमा’ एकदा ऱ्हस्व आणि एकदा दीर्घ लिहिला, तरी तीच गत. आकड्यांचंही तसंच, २०२५ हे देवनागरी अंकांत लिहायचं की इंग्रजी, ते एकदा ठरवून टाका. मी महत्त्वाच्या नोटच्या शीर्षकात मुख्य शब्द दोन्ही लिपींत लिहितो. दिसायला विचित्र दिसतं, पण नोट सापडते. शीर्षक लिहिताना ‘हे शोधायची वेळ येईल तेव्हा मी कोणता शब्द टाकेन?’ असा विचार करा. ‘महत्त्वाचे’ असं शीर्षक दिलेल्या माझ्याच सात नोट्स आहेत, त्यामुळे हे अनुभवाचे बोल आहेत.

लेबलं सुरुवातीला तीन-चारच ठेवा: घर, पैसे, तब्येत, काम. जास्त केलीत तर नोट कुठे ठेवायची यावरच अडून बसाल.

काय लिहू नये

एटीएमचा पिन, यूपीआय पिन, बँकेचे पासवर्ड. कीपमध्ये एकेका नोटला कुलूप लावायची सोय नाही. उघडा फोन हातात आला की सगळं समोर. वननोटमध्ये विभागाला पासवर्ड लावता येतो, पण तो विसरलात तर मायक्रोसॉफ्टलाही तो विभाग उघडता येत नाही. पासवर्डसाठी वेगळं पासवर्ड मॅनेजर अ‍ॅप असतं, ते वापरा.

पुसणं आणि जपणं

कीपमधून डिलीट केलेली नोट ट्रॅशमध्ये ७ दिवस राहते, नंतर कायमची जाते. काम झालेली नोट डिलीट करण्यापेक्षा अर्काइव्ह करा: समोरून हटते, पण शोधल्यावर सापडते. वर्षातून एक-दोनदा गूगल टेकआउटवर जाऊन फक्त कीप निवडा आणि सगळ्या नोट्सची प्रत कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. झिप फाइल येते, ती उघडली की प्रत्येक नोट ब्राउझरमध्ये वाचता येते. भिशीसारखा दुसऱ्यांच्या पैशांचा हिशोब असेल, तर दर महिन्याला ती नोट ग्रुपवर टाका. मावशी आता तेच करते, आणि शिवाय एक लाल वहीही ठेवते.