बंद दाराआडची पंगत

1849च्या सुमारास मुंबईत काही शिकलेली मंडळी गुपचूप जमत. नाव परमहंस सभा. दादोबा पांडुरंग तर्खडकर तिच्यामागचे प्रमुख. हे तेच मराठी व्याकरणकार. त्याआधी सुरतेत दुर्गाराम मंछाराम मेहतांसोबत मानवधर्म सभेत त्यांनी सुधारणेचा घाट घातला होता.

जातिभेद मोडायचा, हा या मंडळींचा मुख्य ध्यास. नव्या सभासदाला ख्रिस्ती भटाऱ्याचा पाव खावा लागे, मुसलमानाच्या हातचं पाणी प्यावं लागे. आज ही परीक्षा पोरकट वाटेल. त्या काळी मात्र एवढ्यावर माणूस वाळीत पडे. म्हणूनच सारा कारभार गुप्त. चर्चा मोकळी, पण दार बंद!

ही गुप्तताच शेवटी नडली. 1860च्या आसपास सभेची कागदपत्रं चोरीला गेली, नावं फुटली आणि सभा मोडली.

1867 साली प्रार्थना समाज उभा राहिला, तो उघडपणे. पुढारी होते दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग. पुढे रानडे, भांडारकर आले. तरी ही बैठक मुख्यतः पांढरपेशांचीच राहिली. याच समाजाचे प्रचारक विठ्ठल रामजी शिंदे यांनी 1906मध्ये मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं आणि अस्पृश्य वस्तीतल्या मुलांसाठी शाळा सुरू केल्या.