पडलेला गुरू

उत्तम वस्ताद कोणता, असे कोणी विचारल्यास आम्ही जपानातील ईकुबो त्सुनेतोशी यांचे नाव घेऊ. १८८२ साली तोकियोत कोदोकान स्थापून जुदो विद्या घडविणारे जिगोरो कानो हे त्यांचे शिष्य. कानोंचे पूर्वीचे गुरू फुकुदा. डाव कसा टाकला म्हणून विचारले, की उत्तर न देता तोच डाव टाकून आपटीत! तरी शिष्याने विचारणे सोडले नाही. पुढे सरावात ईकुबोच पडू लागले. त्यांनी कारण विचारले. कानो म्हणाले, आधी तोल मोडतो, मग फेकतो. आमच्या तालमीत असे विचारणारे वस्ताद किती निघतील? आता शिकविण्यासारखे काही उरले नाही, असे सांगून ईकुबोंनी आपल्या कितो परंपरेच्या पोथ्या कानोंच्या हवाली केल्या.