पाळीवर जायचं कोणी?

चंद्रपूर-गडचिरोलीत वर्षाला सुमारे 1,300 ते 1,500 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. पण याच मुलखात रोवणीनंतर आठ-दहा दिवस उघाड पडली की धानाची बांधी भेगाळते. म्हणजे इथला जुना प्रश्न पाऊस टाळण्याचा नाही. आज नको इतकं झालेलं पाणी पुढच्या पंधरवड्यासाठी थांबवायचं कसं, हा आहे.

त्याचं उत्तर तलाव आणि बोडी. उताराला आडवी मातीची पाळ, जादा पाण्याला सांडवा, शेतात पाणी सोडायला तुडुम. कोहळी समाजाचं यातलं कसब प्रसिद्धच आहे. तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखालची जमीन गोंड राजे देत, असं परंपरा सांगते. आता यातला नैतिक व्यवहार बघा. हक्क आणि कर्तव्य एकाच्याच पदरात. पाळ फुटली तर धान त्याचंच जाणार. मग मुसळधार पावसात, अपरात्री, पाळीवर जायचं कोणी, हे विचारावंच लागत नसे.

पुढे इंग्रजी अमदानीत मालगुजारी आली. तिचे गोडवे मी गाणार नाही. हात रयतेचे राबत आणि मालकी मालगुजाराची. मध्य प्रदेशच्या 1950च्या कायद्याने ती 1951मध्ये संपली, हे योग्यच झालं. पण तलाव सरकारजमा झाले, पुढे बरेचसे जिल्हा परिषदेकडे गेले. लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. माजी मालक नावात आहे. आजी कोण, ते नाव सांगत नाही. गाळ साचला की अर्ज करायचा, सांडवा खचला की निधीची वाट बघायची. पाऊस काही वाट बघत नाही.

म्हणून 2006चा वनहक्क कायदा मला महत्त्वाचा वाटतो. पाणवठ्यांतल्या माशांवरचा सामूहिक हक्क तो मान्य करतो आणि त्याच कायद्यात जलस्रोत राखण्याची जबाबदारी ग्रामसभेवर टाकतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाला 2009मध्ये असा सामूहिक वनहक्क मिळाला. तुटलेली गाठ पुन्हा बांधण्याची ही सुरुवात आहे. मात्र नुसती जबाबदारी गावाच्या गळ्यात घालून हक्क कचेरीतच ठेवाल, तर ती वेठच ठरेल. आणि वेठीला आलेला माणूस रात्रीच्या पावसात पाळीवर जात नाही.