ल्युबेकच्या पडलेल्या घंटा

हान्सा या व्यापारी संघाचं नाव बहुतेकांनी ऐकलं असेल. आज त्यांच्या मुख्य शहरात, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या ल्युबेकला जाऊया. तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये.

बाहेरून बघितलं तर लाल विटांचा डोंगरच. या भागात बांधकामाचा दगड जवळपास नाहीच, पण हिमयुगाने मागे सोडलेली चिकणमाती भरपूर. मग फ्रान्समधली उंचच उंच गॉथिक शैली या लोकांनी चक्क भाजलेल्या विटांत उभी केली. साधारण 1250 ते 1350 या शंभर वर्षांत. आतलं कमानी छत 38.5 मीटर उंच आहे. विटांच्या छतांमध्ये जगात याहून उंच नाही. आणि हे बिशपचं चर्च नाही बरं का! बिशपचं कॅथेड्रल शहराच्या दुसऱ्या टोकाला. हे व्यापाऱ्यांचं, बाजाराला आणि नगरभवनाला खेटून. थोडक्यात, पैसा कोणाकडे आहे ते दिसायला हवं होतं.

आता दक्षिणेकडच्या मनोऱ्याखाली या. जमिनीवर दोन फुटलेल्या घंटा पडल्यात. 28 मार्च 1942 च्या रात्री ब्रिटिश विमानांनी ल्युबेक जाळलं, तेव्हा त्या वरून कोसळल्या. पडल्या तिथेच ठेवल्यात. शेजारी फोटो, आरास असलं फार काही नाही, आणि लागतही नाही. ज्या कोव्हेन्ट्री शहराचं कॅथेड्रल जर्मन बॉम्बनी 1940 मध्ये उद्ध्वस्त झालं, तिथून आलेला खिळ्यांचा क्रूस याच चर्चमध्ये आहे.

पण मला खरी अडकवणारी गोष्ट पुढची आहे. आगीच्या उष्णतेने भिंतींवरचा चुना गळून पडला आणि आतून मध्ययुगीन चित्रं दिसायला लागली. युद्धानंतर त्यांच्या दुरुस्तीचं काम डीट्रिश फाय याला मिळालं; प्रत्यक्ष रंगवणारा होता लोथार माल्स्काट. 1951 मध्ये चर्चच्या 700 वर्षांचा सोहळा झाला, टपाल तिकिटंही निघाली. सगळे खूश. आणि 1952 मध्ये माल्स्काटने स्वतःच सांगितलं, की वेदीकडच्या भागातली चित्रं मीच काढली आहेत! आधी कोणी विश्वासच ठेवेना. तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांची अडचण समजू शकतो. त्यांनी आधीच वाहवा केली होती. बरं, याच जोडीने युद्धाआधी श्लेस्विगच्या कॅथेड्रलमध्ये ‘मध्ययुगीन’ चित्रांत टर्की पक्षी काढले होते. टर्की अमेरिकेतला, कोलंबसच्या आधी युरोपात तो येणार कुठून? 1955 मध्ये दोघांनाही तुरुंगवासाची शिक्षा झाली. वेदीकडची ती बनावट चित्रं नंतर पुसून टाकली.

कामात आपणही जुना कोड ‘सुधारतो’, म्हणून हे मला जरा टोचतं. मूळ काय होतं आणि आपण काय घातलं, याची नोंद नसेल तर पुढच्याने ओळखायचं कसं?

जाता जाता: बाख 1705 मध्ये आर्नश्टाटहून चालत इथे आला होता, बुक्स्टेहुडेचा ऑर्गन ऐकायला. जवळपास 400 किलोमीटर. त्यावर पुढच्या भागात.