आजार अंगावर घेणे

दुसऱ्याचे दुखणे, विष किंवा मरण स्वतःच्या देहावर ओढून घेऊन त्याला बरे करता येते, पण भरपाई बरे करणाऱ्याच्या आयुष्यातून होते, अशी समजूत. अद्भुतकथा आणि संगणकीय खेळ यांत तिचे पक्के नियम झाले आहेत: जखम जितकी खोल, तितकी वैद्याची जीवनशक्ती घटते. आपल्याकडे ती घराघरांत आहे.

मराठवाड्यात आजी नातवाच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटे मोडते, ती त्याची अलाबला आपल्यावर घ्यायला. ‘माझं आयुष्य तुला लागो’ हा आशीर्वादही त्याच हिशेबातला. उताऱ्याची रीत याहून हुशार: दुखणे लिंबा-नारळावर उतरवून तिठ्यावर ठेवायचे, म्हणजे ते ओलांडणाऱ्या अनोळखी माणसाच्या माथी. मांत्रिकाला मात्र स्वतःच्या पदराला खार लावावा लागतो. विष उतरवणाऱ्याने पथ्य पाळायचे, ग्रहणात मंत्र जागवायचा आणि पैसा घ्यायचा नाही. घेतला तर गुण जातो. त्याला येणाऱ्या यशाचे कारण साधे आहे: चावलेले बरेच साप बिनविषारी असतात.

संतचरित्रांतले ठळक उदाहरण शिर्डीच्या साईबाबांचे. दाभोलकरांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’च्या सातव्या अध्यायानुसार अमरावतीच्या दादासाहेब खापर्डे यांच्या मुलाला प्लेग झाला, तेव्हा बाबांनी कफनी वर करून स्वतःच्या अंगावरच्या गाठी दाखवल्या. त्याच अध्यायात, १९१० साली दूरच्या एका लोहाराचे मूल भट्टीत पडले तेव्हा बाबांनी धुनीत हात घातल्याची कथा आहे. मूल वाचले, हात भाजला. त्या हाताला रोज तूप चोळून पट्टी बांधणारा भागोजी शिंदे स्वतः महारोगी होता. चमत्कारापेक्षा हा तपशील अधिक लक्षात राहतो.

बाबर आणि हुमायून यांची कथाही याच जातीची. १५३० मध्ये आजारी मुलाच्या पलंगाभोवती प्रदक्षिणा घालून बाबराने आपले प्राण देऊ केले. हुमायून उठला आणि २६ डिसेंबरला बाबर वारला. मध्ये काही महिने गेले असावेत, हे कथा सांगत नाही.

चमत्काराविना अशी किंमत मोजली ती सावित्रीबाई फुले यांनी. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यात गेल्या. आजारी मुलगा जगला, १० मार्चला त्या प्लेगानेच गेल्या. तो त्यांच्या आजारपणामुळे जगला असे मात्र नाही. जंतू एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याने पहिल्याचे ओझे हलके होत नाही. या समजुतीतली खरी चूक ती हीच. धोका स्वतःच्या अंगावर घेण्याची वेगळी रीतही तेव्हाच दिसली: त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती.

साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. विषारी दंशावर लागते ते प्रतिविष. त्यासाठी घोड्याला थोडे थोडे विष टोचतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेले प्रतिपिंड काढून घेतात. विष अंगावर घेण्याचे काम त्यात खरोखरच दुसऱ्या कुणाकडे जाते, फक्त त्याची संमती घेतलेली नसते.